मागरेटबाई नवऱ्याला नावानं हाक मारायची

त्या दिवशी रस्त्यावर कोन कोन हुतं ते आदी सांगती. मी हुते. माझी सून कविता हुती, ती अंगणवाडीत हाय, तिला थोडंफार इंग्रजी कळतं. ट्रॅक्टरवाला भानुदास हुता, मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या. मागरेटबाई हुती, एका पायात चप्पल, एक पाय अनवानी. तिची लेक रूथ हुती, विलायतेवरनं आलेली. आन समद्यांच्या फुडं, रस्त्याच्या मधोमध, आमच्याकडं पाठ करून चालत निगालेले दावीदभाऊ, मागरेटबाईचे मालक. एवढीच मानसं. त्यातले दावीदभाऊ आता न्हाईत. मागरेटबाई तिकडं लांब गेली. म्हनून मी सांगती आन कविता लिवून घेती. मला सही येती, त्याच्या फुडं न्हाई.

आमचं गाव काष्टीच्या अलीकडं. आमची बौद्धांची घरं आन दावीदभाऊंच्या ख्रिस्ती लोकांची घरं एका लायनीत, मधी एक लिंबाचं झाड. दावीदभाऊ तरनेताठे असताना शिकून विलायतेला गेले. तिथं कपबशा बनवायच्या कारखान्यात लागले, तिथंच मागरेटबाईशी लगीन केलं. समदी उमर तिकडं काढली. म्हातारपनी त्यांनी बापाच्या जागेवर घर बांधलं आन बाईला घेऊन आले. ती आली तवा अंगावर फुलाफुलांचा झगा, डोक्याला टोपी, आन हातात काय, तर पान्याचा नळ बसवायचा पाना. पाटीभर सामान आलं, पर पाना तिनं कुनाच्या हातात दिला न्हाई.

ती बसायची न्हाई. मी म्हनायची, "बसा की वो घटकाभर." ती म्हनायची, "बसते, बसते," आन तवर उठून मोरीत वाकून बगायची, पानी कुठं तुंबलंय. आमचं बोलनं ती मोडकंतोडकं बोलायची, पक्कं येत हुतं एकच वाक्य, "हे कोन बगतं?" रस्त्यावरचा दिवा लागंना, हे कोन बगतं? गटार फुटलं, हे कोन बगतं? शाळंच्या भिंतीकडंला कुत्रं व्यालं, हे कोन बगतं? पयल्यांदा आमी सांगायचो, ग्रामपंचायत. मंग सांगायचो, कुनी न्हाई. मंग पोरीसोरी तिला लांबनं बगितलं की वरडायच्या, "हे कोन बगतं?" तीबी हसायची. आन दुसऱ्या दिशी स्वताच पाना घेऊन यायची.

तिच्या घरी संडास घरातच. तिला सारखा एकच घोर, ह्ये सगळं जातं कुठं? टाकी कवा भरंल? श्रीगोंद्याहून उपसायची गाडी बोलावली तवा आमी समद्या पदर नाकाला लावून आत पळालो. ती मातर गाडीवाल्याच्या शेजारी उभी, हातात च्याचा कप, टाकीत वाकून बगती. त्याला बिस्किटं दिली. तो बिचारा म्हनला, "मावशी, ह्या वासात आजवर कुनी मला च्या दिला न्हाई."

पयल्या उन्हाळ्यात टँकर सुरू झाला. आमच्याकडं बाया सकाळीच हंडे लायनीत लावून घरी भाकरी थापायला जातात. हंडा उभा म्हंजी बाई उभी. ही आली बादली घेऊन. बगती तर रस्त्यात नुसते हंडे, मानूस कुनी न्हाई. तिला वाटलं कुनीतरी इसरून गेलं, टँकर वरनं जाईल. तिनं समदे हंडे उचलून भिंतीला लावले, बारकं आदी, थोरलं मागनं, एका रांगंत. आन आपली बादली घेऊन एकटी उभी. टँकरचा भोंगा वाजला, आमी पळत आलो. कुनाचा नंबर कुठं, काय पत्त्या न्हाई. लई दंगा. एक जनी म्हनली, "आगं, हिनं तर रुखवत मांडलाय!" तशा समद्या हसायला लागल्या, न्हाईतर त्या दिशी झिंज्या उपटल्या गेल्या असत्या.

मी तिला समजावलं, हंडा हाय म्हंजी बाई हाय. ती म्हनली, "मानूस न्हाई, तरी लाईन?"

"व्हय."

दुसऱ्या दिशी तिनं बादली लायनीत लावली, आन उन्हात टोपी घालून बादलीशेजारी उभीच ऱ्हायली. मी म्हनलं, "आवो, बादली उभी हाय की. घरी जावा."

ती म्हनली, "मला बादलीवर विश्वास न्हाई."

अशी ती. येडी न्हाई, पर निवांत न्हाई. विलायतेहून आनलेली विजेची भट्टी हुती तिची, पावाची. पीठ फुगायला आन लाईट जायला एकच गाठ. मंग परात घेऊन इकडं तिकडं. शेवटी माझ्या चुलीवर बिस्किटाच्या डब्यात पाव भाजायला लागली. खालनं काळा, वरनं कच्चा. दावीदभाऊ एक घास खाऊन म्हनायचे, "भाकरीच बरी." ती त्यांच्याकडं डोळं वटारायची आन त्यांच्या भाषेत काय तरी बोलायची, ते हसायचे. दोगांचं बोलनं कुनाला कळायचं न्हाई, पर गोड वाटायचं ऐकायला. सांजच्याला लिंबाखाली खुर्च्या टाकून दोगं पुटुपुटु बोलत ऱ्हायची.

मंग ते बोलनं तुटलं.

दावीदभाऊंना इसरायचा आजार लागला. आदी चष्मा, मंग घरचा रस्ता, मंग इंग्रजी. डाक्टर म्हनला, नंतर शिकलेलं आदी जातं. एका सकाळी बाई माझ्या दारात आली, केस मोकळे. माझ्या हाताला धरून वडतच घेऊन गेली. दावीदभाऊ पलंगावर बसलेले. माझ्याकडं बगून म्हनले, "सोनाबाई, ही बाई कोन हाय? आपल्या घरात काय करती?"

मागरेटबाई म्हनली, "काय म्हनतो? सोना, काय म्हनतो?"

मी खरं ते सांगितलं. खोटं सांगून काय, उद्या परत इचारनार. तिनं पलंगाची चादर वडून सरळ केली, उशी झटकली, आन म्हनली, "मला शिकव."

"काय शिकवू?"

"समदं."

तवापासनं ती माझ्या मागं. मी गहू पाखडतीय, ती शेजारी. मी शेन लावतीय, ती शेजारी. गोळी घ्या. अंगुळीला चला. पाय वर करा. भूक लागली का. दुकतंय का. काय दुकतं. मी एकदा बोलायची, ती धा येळा बोलायची, कांदं निवडत, धुनं वाळत घालत. कविता म्हनायची, "आत्या, त्यांना शुद्ध तरी शिकवा." मी म्हनलं, त्यांच्या नवऱ्याला शुद्ध येतंय कुठं? बाई "न्हाई" म्हनायला लागली, "व्हय" म्हनायला लागली, "आरं देवा" म्हनायला लागली. एक दोन शिव्याबी शिकली, त्या मी शिकवल्या न्हाईत, टँकरवर शिकली.

पर एक गोष्ट ती आयकना. ती नवऱ्याला नावानं हाक मारायची. "डेव्हिड! डेव्हिड!" दिवसभर. आन त्या हाकंनं त्यांचं डोस्कं फिरायचं. ते भिंतीला टेकून माझ्याकडं बगायचे आन म्हनायचे, "परकी बाई हाय, आन माझं नाव घेती. लाज न्हाई हिला." तिनं नाव घेतलं की ते पाऊल मागं घ्यायचे. ती जवळ गेली की घरातनं निगून जायचे. त्यांना आता एकच वेड, काष्टीच्या बाजारी जायचं, बैल घ्यायचा. बापासंगं लहानपनी जायचे, तेवढंच डोक्यात ऱ्हायलं. रस्ता पकडला की चालायलाच लागायचे. गावातलं कुनी न कुनी धरून आनायचं. बाई सारखी दारात, खिडकीत, रस्त्यावर. जेवता जेवता उठायची. तिचं अंग निम्मं झालं.

मी तिला म्हनलं, "बाई, आमच्यात नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. त्यांच्या आईनंबी कदी घेतलं नसंल. त्यांना वाटतं, नाव घेनारी बाई आपली कशी असंल? तुमी 'अवो' म्हना."

माझं मालक उसाच्या ट्रकावरनं पडून गेले, तवा कविताचा नवरा रांगत हुता. मी पंधरवडाबी घरात बसले न्हाई, कोयता घेऊन टोळीसंगं गेले. आज इतकी वर्सं झाली, अजून मी त्यांचं नाव घेतलं न्हाई. रेशनच्या दुकानात इचारलं तर कविता सांगती. आमाला ते जड वाटत न्हाई. तिला वाटलं.

ती म्हनली, "सोना, तिकडं त्याला समदे दुसरंच नाव लावायचे. कारखान्यात कुनी जॅक म्हनायचं, कुनी काय. घरी यायचा तवा मी त्याला त्याच्या नावानं हाक मारायची. मी एकटी. ते मी सोडलं तर कोन घेनार?"

मी सूप वडून परत गहू पाखडायला लागले.

त्या साली साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला आन रूथ आली. लेक चांगली हाय. आल्या आल्या बापाची नखं काढली, आईचे गुडघे चोळले. पर ती ठरवून आलीवती. तिकडं एक म्हाताऱ्यांचं घर बगितलं हुतं, बाग हाय, नर्सा हायेत, बापाला तिथं ठिवायचं, आईला आपल्याजवळ. दोगी लिंबाखाली भांडायच्या. कविता भाजी निवडायचं निमित्त करून आयकायची आन मला सांगायची.

मागरेटबाई म्हनली, "तिथं त्याच्याशी बोलंल कोन?"

रूथ म्हनली, "शिकलेली मानसं हायेत तिथं."

"मराठीत?"

रूथनं आईचा हात धरला. मंग म्हनली, "आई, तू मराठीत बोलतीस, तरी बाबा तुझ्यापासनं पळतो. तुला बगून पळतो. मंग हितं ऱ्हाऊन काय उपेग?"

कवितानं हे सांगितलं तवा मलाच बोचलं. कारन खरं हुतं. बाईनं त्या दिशी पाव भाजला न्हाई, टाकी बगितली न्हाई, काय न्हाई. रूथनं तिकिटं काढायला सांगितली. बाई न्हाई म्हनली न्हाई.

तिसऱ्याच दिशी दुपारी दावीदभाऊ निसटले. मी आन कविता रानातनं येत हुतो. बगतो तर मोठ्या रस्त्यावर ते फुडं, काठी टेकत, मधोमध. मागं कडंकडंनं बाई पळती, एक चप्पल कुठं तरी पडलेली, तिच्या मागं रूथ. आन मागच्या वळनावरनं भानुदासचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या ऊस. भरल्या ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर जागच्या जागी थांबत न्हाई, मला न सांगता कळतं. भानुदास भोंगा दाबतोय, वरडतोय, "म्हातारबा! कडंला! कडंला व्हा!"

बाई वरडती, "डेव्हिड! डेव्हिड!"

जशी ती हाक मारती तसे ते जोरात चालत्यात, आनखी मधे सरकत्यात. आमच्याकडं न बगता काठी हालवून म्हनले, "ही बाई माझ्या मागं का लागलीया?"

मी जीव तोडून वरडले, "मागरेटबाई, नाव घेऊ नका! नाव घेऊ नका!"

ती थांबली. ट्रॅक्टरचा धुरळा तिच्या मागं दिसत हुता. मंग ती आमच्या बायांसारखी वरडली, कमरंवर हात ठिवून, "अवो! अवो, आयकलं का! भाकरी निवली की!"

दावीदभाऊ थांबले. वळले. तिच्याकडं नीट बगितलं आन रागानं म्हनले, "आलो, आलो. घाई लई तुला." आन काठी टेकत कडंला आले. ट्रॅक्टर फुसफुस करत त्यांच्या बाजूनं गेला आन लांब जाऊन थांबला. भानुदास उतरला. त्यानं दगडावर बसून तंबाखू काढली तर समदी खाली सांडली.

दावीदभाऊ बाईला इचारत हुते, "तू जेवलीस का?"

बाई म्हनली, "न्हाई. तुमच्यासाठी थांबले."

"मंग चल की. हितं उन्हात काय करती?"

दोगं घराकडं गेली. रूथ रस्त्याच्या कडंला बसलेली, तोंडावर हात. तिनं कविताला इचारलं, "आईनं काय सांगितलं त्याला?" कविता म्हनली, "भाकरी थंड झाली म्हनली." रूथ म्हनली, "त्याच्या आदी?" कविता मला म्हनली, "आत्या, 'अवो'ला इंग्रजीत काय म्हनायचं?" मला काय ठाव? भानुदास बसल्या जाग्यावरनं म्हनला, "तिला सांग, बायको."

तिकिटाचं परत कुनी बोललं न्हाई. रूथ जाताना भानुदासच्या गळ्यात पडली, तो बिचारा लाजून ट्रॅक्टरखाली काय तरी बगायला लागला.

त्याच्या फुडं दावीदभाऊ जितकं दिस जगले, तितकं दिस बाईनं त्यांचं नाव घेतलं न्हाई. आन ते तिला सोडून गेले न्हाईत. बाजाराला निगाले की ती म्हनायची, "अवो, आज बाजार न्हाई, उद्या जावा." ते आयकायचे. संसारात जे कदी सांगितलं नव्हतं ते तिला सांगायला लागले. आईनं कसं चिपाडानं मारलेलं, मिशनच्या शाळंत कशी टोपी चोरलेली. तिला निम्मं कळायचं, निम्मं माझ्याकडं इचारायला यायची.

एकदा आली ती माझ्या उंबऱ्यावर बसली. स्वताहून बसली. मी घाबरले. म्हनलं, काय झालं? ती म्हनली, "सोना, आज तो मला म्हनला, विलायतेत माझी एक बायको हाय. तिला कळवायला पायजे, मी हितं सुखरूप हाय म्हनून. ती वाट बगत असंल."

"मंग?"

"मी इचारलं, कशी हाय ती? तर म्हनला, उंच हाय. गप बसत न्हाई. सारखं काय तरी करीत असती. लई चांगली हाय." ती हसली आन मंग किती तरी येळ हसायची थांबली न्हाई, डोळं पुसत हुती. मी म्हनलं, "तुमी काय म्हनलात?" ती म्हनली, "मी म्हनलं, कळवते."

ते थंडीत गेले, झोपंत. पाळकानं प्रार्थना म्हनली. पेटी खाली सोडली, समद्यांनी मूठ मूठ माती टाकली. बाई शेवटी फुडं झाली. वाकली आन मोठ्यानं म्हनली, "डेव्हिड." एकदाच. हाक मारल्यागत न्हाई, सांगितल्यागत. मंग पाळकाकडं वळून कुंपनाची तार दाखवून म्हनली, "ही तुटलीय. हे कोन बगतं?" लोकांना इपरीत वाटलं. मला न्हाई.

एकटी ऱ्हायली ती बराच काळ. पाना घेऊन फिरायची. टँकरला बादली लावून आता घरी जायची, तेवढं शिकली. मंग मोरीत पाय घसरून खुबा मोडला. रूथ आली, न्यायला. ह्या येळी बाईनं भांडन केलं न्हाई. मला म्हनली, "सोना, आता मला उठवायला दोन मानसं लागत्यात. मी कुनाच्या जीवावर ऱ्हाऊ?" मी म्हनलं, आमी हाव की. ती म्हनली, "हाईसा. पर तूबी म्हातारी हायेस." खरंच हाय ते.

जीप आली. तिला दोगांनी उचलून आत बसवलं. गाडी सुरू झाली तर तिनं थांबवली, "ग्यास बंद हाय का?" कविता बगून आली. परत सुरू, परत थांबवली, "वरच्या टाकीचा कॉक?" भानुदास जिन्यानं वर जाऊन आला. तिसऱ्यांदा थांबवली आन नुसती बगत ऱ्हायली, काय इचारायचं ते सापडंना. रूथनं ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठिवला. जीप निगाली. मागच्या काचंतनं तिचं पांढरं डोस्कं दिसत हुतं, एकदा ह्या खिडकीकडं, एकदा त्या खिडकीकडं. वळनापतुर तसंच.

ती आता तिकडं म्हाताऱ्यांच्या घरात हाय. मधी कविताच्या मोबाईलवर बोलली. आवाज बारीक झालाय. म्हनली, "सोना, हितं समदं बगायला मानसं हायेत. बोलायला न्हाईत." म्हनली, कदी कदी तिच्या तोंडातनं आपलं मराठी निगतं, दुकलं की, न्हाईतर झोपंतनं उठताना. नर्सा एकमेकीकडं बगत्यात आन म्हनत्यात, म्हातारी बरळती. "मी बरळत न्हाई, सोना. मी 'पाय दुकतोय' म्हनते."

मला काय तिकडं जायला जमत न्हाई. म्हनून हे लिवून घेतलंय. विलायतेत आपली लई पोरं गेल्यात. त्यातलं कुनी हे वाचत असंल, तर तुमच्या गावात म्हाताऱ्यांचं घर असंल तिथं एकदा जावा आन मागरेट हाय का इचारा. उंच हाय, गोरी हाय, पाय दुकतोय म्हनंल. असली तर तिच्यापाशी घटकाभर बसा. इंग्रजी बोलू नका. मावशी म्हना आन इचारा, जेवलीस का.